सणासुदीचा प्रवास: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सणाच्या निमित्ताने प्रवासाला निघणाऱ्या, किंवा सण पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. सगळीच छापता येत नाहीत. पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न थोडे आवरून इथे घेतले आहेत.

प्रश्न: माझ्या भाचीचा नवरा कॅनडाचा. तो आणि त्याचे आईवडील (दोघंही सत्तरीच्या आसपास) पहिल्यांदाच गणपतीत पुण्याला येणार आहेत. त्यांच्याकडे चारच दिवस आहेत. कुठले चार दिवस निवडावेत? विसर्जनाची मिरवणूक त्यांना झेपेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: चारच दिवस असतील तर पहिले चार घेऊ नका आणि शेवटचे चारही घेऊ नका. चतुर्थीला घरोघरी धावपळ असते. मंडळांची प्रतिष्ठापना त्या दिवशी होते, पण बरेचसे देखावे अजून सुताराच्याच हातात असतात. शेवटच्या दोन दिवसांत पेठांमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते. गौरी येतात त्या दिवसापासून पुढचे चार दिवस सगळ्यात चांगले. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे तीन दिवस घरातला सण बघायला मिळतो आणि संध्याकाळी देखावेही पूर्ण झालेले असतात. गौरींच्या तारखा चतुर्थीपासून दिवस मोजून काढू नका, पंचांगात बघा. नक्षत्रामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो.

पाहुण्यांना सण दोन ठिकाणी दाखवा, घरात आणि रस्त्यावर, आणि सुरुवात घरापासून करा. संध्याकाळच्या आरतीला त्यांच्या हातात झांजा द्या. देताना दोरी बोटाभोवती कशी गुंडाळायची ते मात्र दाखवा. दोरी सैल राहिली की झांज फिरते आणि तिची कड बोटावर बसते. प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, चपला बाहेर काढायच्या, एवढं आधी सांगितलं तरी पुरतं. हळदीकुंकू लावण्याआधी बाईंना विचारा. बहुतेकींना आवडतं, पण कपाळाला कोणी अचानक हात लावला तर कोणीही दचकेल. पाहुणे घरी येताना काय आणू विचारतील, तर फुलं किंवा फळं सांगा. नाहीतर हमखास अंड्याचा केक येतो आणि तो ठेवायचा कुठे हा घरच्यांना प्रश्न पडतो.

देखावे बघायला संध्याकाळी साडेसहालाच निघा. नऊनंतर गर्दी दुप्पट होते. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. केसरीवाडा थोडा बाजूला पडतो, तो शेवटी ठेवा. सत्तरीतल्या माणसांना दीड-दोन तासांत जेवढं होईल तेवढंच करा. गाडी पेठेत नेऊच नका. कसबा पेठ आणि मंडई ही मेट्रो स्थानकं सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहेत. मंडईच्या स्थानकातून वर आलं की माणूस थेट गर्दीच्या पोटात निघतो. त्यापेक्षा कसबा पेठेला उतरून दक्षिणेकडे चालत यावं.

विसर्जनाची मिरवणूक पूर्ण पाहणं कोणालाच झेपत नाही, पुणेकरांनाही नाही. सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. पाहुणे अनंत चतुर्दशीपर्यंत थांबणारच असतील तर सकाळचा भाग दाखवा. मानाचे गणपती पुढे असतात, ढोल-ताशाची पथकं ताजीतवानी असतात आणि उजेड असतो. बेलबाग चौक टाळा, तिथे दोन बाजूंनी रेटा येतो. लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकाच्या पुढे, अलका चौकाच्या दिशेने, कोणाच्या ओळखीची गॅलरी मिळाली तर सोनं. मात्र त्या इमारतीत सकाळी आठच्या आत शिरावं लागतं, पुढे रस्ता ओलांडता येत नाही. ढोलाचा आवाज छातीत घुमतो. मेडिकल दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घाला. ज्येष्ठांना हृदयाचा त्रास असेल तर स्पीकरच्या भिंती असलेल्या मंडळांपासून लांबच ठेवा. लेसरच्या झोताकडे सरळ पाहायचं नाही, हे लहान मुलांना बजावून सांगा.

प्रश्न: आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना उकडीचे मोदक स्वतः करून बघायचे असतात. दर वेळी कळ्या फाटतात नाहीतर मोदक फुटतात. नवख्या हातांना जमेल असं प्रमाण सांगाल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: दोष बहुतेक वेळा हातांचा नसतो, पिठीचा असतो. आंबेमोहर किंवा बासमती तुकड्याची ताजी पिठी घ्या. जुनी, कोरडी पडलेली पिठी असेल तर कोणाच्याही कळ्या फाटतील. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बारीक करून पिठी एकदम घाला, उलथण्याच्या दांड्याने हलवा आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ येऊ द्या. मग परातीत काढून गरम असतानाच, तेल-पाण्याचा हात लावून मळा. हाताला सोसत नसेल तर वाटीच्या बुडाने रगडा. गोळा गालासारखा मऊ लागला पाहिजे.

सारणाला दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ. पाणी आटेपर्यंतच परता. ओलं राहिलं तर वाफेत मोदक फुटतो, जास्त परतलं तर गूळ चिक्कीसारखा कडक होतो. कळी पाडताना चीर पडली तर उकड गार झाली आहे किंवा कोरडी आहे असं समजा. ओलं फडकं झाकून ठेवा, आणि एकेका मोदकापुरताच गोळा बाहेर काढा. पारीच्या कडा पातळ आणि मध्य जरा जाड ठेवायचा. नवखे लोक उलटं करतात, म्हणून बूड फाटतं. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवा आणि दहा-बारा मिनिटं वाफवा. तकाकी आली की झाले. पाहुण्यांना पहिले दोन साच्यात करू द्या, तिसरा हाताने. पाच कळ्या पडल्या तरी मोदक मोदकच असतो, एकवीस कळ्यांचा आग्रह घरच्या सुगरणीने स्वतःपुरता ठेवावा.

प्रश्न: जुलै २०२५ मध्ये आम्ही दिल्लीहून गाडीने हरिद्वार-ऋषिकेशला गेलो. श्रावण सुरू व्हायच्या आत जाऊन यावं, असा हिशेब केला होता. प्रत्यक्षात रस्ते वळवलेले, चहूकडे भगव्या कपड्यातले, खांद्यावर गंगाजलाच्या कावडी घेतलेले कावडिये, आणि पोहोचायला दुप्पट वेळ. आमचं काय चुकलं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: तुम्ही आपलं कॅलेंडर पाहिलंत, तिकडचं नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिकडे श्रावण लागतो आणि आपल्याकडे तो पंधरवडा आषाढ वद्य असतो. २०२५ मध्ये गुरुपौर्णिमा १० जुलैला झाली, ११ तारखेला कावड यात्रा सुरू झाली आणि २३ तारखेला, तिकडच्या श्रावणातल्या शिवरात्रीला, संपली. आपला श्रावण लागला २५ जुलैला. म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही रस्त्यावर होतात. २०२६ मध्ये गुरुपौर्णिमा २९ जुलैला आहे. ३० जुलैपासून साधारण ११ ऑगस्टपर्यंत दिल्ली–मेरठ–हरिद्वार रस्ता गृहीत धरू नका. जायचंच असेल तर रेल्वेने जा, तिकीट लवकर काढा आणि हरिद्वारऐवजी डेहराडूनला उतरून ऋषिकेश गाठा.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच: वद्य पक्षात तिकडचा महिना आपल्या एक पुढे, शुद्ध पक्षात दोघांचा एकच. म्हणून काशीची देवदिवाळी, म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येते, तिथे घोळ नाही. (तरीही दरवर्षी काही जण देवदिवाळी म्हणजे दिवाळीच समजून अमावास्येचं बुकिंग करून बसतात. दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर आहे.) गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण आपल्यासारखेच अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपवणारे. बंगाल, केरळ, तमिळनाडूचे महिने सूर्यावर चालतात.

तारखा दरवर्षी सरकतात त्याचंही बरेच जण विचारतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. म्हणून सण एक-दोन वर्षं अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती २५ जुलैला येते. परदेशातून येणाऱ्यांना "गेल्या वर्षी याच सुमारास होता ना?" या अंदाजावर तिकीट काढू देऊ नका.

प्रश्न: ऑफिसमधल्या जर्मन सहकाऱ्याला वारीत एक दिवस चालायचं आहे. सगळे दिवेघाट सुचवतात. तुमचं मत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: दिवेघाटाचे फोटो सुंदर येतात, म्हणून सगळे तोच सुचवतात. पण माउलींच्या पालखीचा पुणे–सासवड हा टप्पा सगळ्या वाटेतला सर्वांत लांब आहे, तीस किलोमीटरच्या वर. हडपसरपर्यंत डांबर, ऊन आणि शहरातली बघ्यांची गर्दी, शेवटी घाटाची चढण. शिवाय त्या दिवशी बहुधा एकादशी असते, त्यामुळे वाटेत उपासाचंच खाणं मिळतं. न सरावलेला माणूस घाटाच्या पायथ्याशीच बसतो.

आमचा सल्ला सासवड ते जेजुरी. अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास, वाट मोकळी, दोन्ही बाजूंना शेतं. पालखीचा सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, त्यामुळे आदल्या दिवशी आरामात पोहोचता येतं आणि सोपानकाकांच्या समाधीचं दर्शनही होतं. पहाटे निघायच्या वेळेला तयार राहा, नंतर वाहनं सोडत नाहीत. परतीसाठी जेजुरीला रेल्वे स्टेशन आहे, पुणे–मिरज मार्गावर.

चालताना दिंडीची रचना समजून घ्या. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग आणि विणेकरी, मागे तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया. विणेकरी आणि टाळकऱ्यांच्या मधून आडवं जायचं नाही. फोटोसाठी तर नाहीच. पाहुण्याने कडेने चालावं. कोणी "या माउली" म्हणून आत ओढलं तर जावं, आणि टाळाचं पाऊल चुकलं तरी कोणी हसत नाही. नवे बूट घालू नयेत. पावसाळा आहे, म्हणून सुती मोजे दोन जोड जास्तीचे ठेवावेत आणि पायाच्या बोटांमध्ये आधीच व्हॅसलीन चोळावं. फोड येतात ते ओल्या मोज्याच्या घासण्याने. पाण्याची बाटली घरची घ्या. फुकट वाटप भरपूर असतं, पण नवख्या पोटाने केळी, राजगिऱ्याची वडी, उकळता चहा इतकंच घ्यावं. जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटघोट. हे चमचे चहाचे, पोह्यांचे नव्हेत.

जेजुरीला पोहोचल्यावर लगेच पळू नका. मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत गोल करून उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीचा टाळ तरीही वाजत राहिला तर त्यांची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, मग शांतता होते. हरवल्या-सापडल्याची यादीही तिथेच वाचली जाते. एवढ्या जमावाचं व्यवस्थापन माइकवर ओरडण्याशिवाय कसं चालतं, हे तुमच्या सहकाऱ्याला घाटाच्या फोटोपेक्षा जास्त आवडेल, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न: दुर्गापूजेला कोलकात्याला जायचं ठरतंय. आईचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास असतात. तिथे मासे-मटण चालतं असं ऐकलं. तिची पंचाईत होईल का? आणि किती दिवस ठेवावेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ऐकलंत ते खरं. बंगालमध्ये देवी माहेरी आलेली लेक असते आणि लेक आली की घरात चांगलंचुंगलं शिजतं. पूजेच्या दिवसांत रस्त्यावर एगरोल आणि मटणाचा घमघमाट असतो. आईंना ते नुसतं दिसेल असं नाही, वासही येईल, हे आधी सांगून ठेवा. उपासाचं म्हणाल तर साबुदाण्याच्या खिचडीची अपेक्षा धरू नका. मंडपातला भोग कांदा-लसणाशिवाय असतो, पण ती तांदूळ-मुगाची खिचडी, सोबत भाज्यांचा लाबडा आणि गोड चटणी. म्हणजे उपासाला चालणार नाही. अष्टमीला बरीच बंगाली घरंही भात टाळून पुऱ्या खातात, पण त्या मैद्याच्या. आईंसाठी शेंगदाण्याचं कूट, भगर, राजगिऱ्याचं पीठ आणि छोटी इलेक्ट्रिक किटली घरूनच न्या. फळं आणि दूध सगळीकडे मिळतं. संदेश ही मिठाई छान्याची, म्हणजे फाडलेल्या दुधाची असते. ती उपासाला चालते की नाही, हे आईंनाच ठरवू द्या. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथे उतरण्याची सोय होते का हे बरंच आधी विचारून ठेवा.

षष्ठीला पोहोचा, दशमीच्या रात्री किंवा एकादशीला निघा. सप्तमीला उजाडताना केळीच्या रोपाला साडी नेसवून ढाक या ढोलाच्या गजरात नदीवर स्नानाला नेतात. ती 'कोला बोऊ'. लवकर उठणाऱ्यांनाच दिसते, आणि गर्दी जवळजवळ नसते. अष्टमीच्या सकाळी पुष्पांजली उपाशीपोटी देतात. या एका बाबतीत आई तिथल्या बायकांच्या पुढेच असतील. सगळ्यात महत्त्वाची संधिपूजा: अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४. तेव्हा १०८ दिवे लावतात, १०८ कमळं वाहतात. वेळ तिथीवर ठरते, भर दुपारी येईल किंवा मध्यरात्रीही. म्हणून त्या दिवशीचा बाकीचा बेत तिच्याभोवती आखा. ही पूजा मोठ्या मंडपापेक्षा शोभाबाजारच्या राजवाड्यासारख्या जुन्या घरात पाहावी. तिथली पूजा १७५७ पासून चालू आहे.

मंडप बघायला षष्ठी आणि सप्तमीची दुपार. अष्टमी-नवमीच्या रात्री रांगा तासन् तास हलत नाहीत. उत्तर कोलकाता एक दिवस (बागबाजार, शोभाबाजार, कुमारटुलीचे मूर्तिकार), दक्षिण दुसऱ्या दिवशी. दोन्हीकडे मेट्रोने जा, टॅक्सी अडकते. दशमीला विवाहित बायका देवीला आणि एकमेकींना सिंदूर लावतात. पांढरी साडी नेसून गेलात तर ती लाल होऊनच परत येईल.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. पूजेच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. जायचं आणि यायचं तिकीट वेगवेगळ्या दिवशी उघडतं, हे विसरू नका. एक हाती असतं आणि दुसरं वेटिंगवर, अशी बऱ्याच जणांची गत होते.

प्रश्न: आम्ही सहा मैत्रिणी, सगळ्या चाळिशीतल्या. मथुरेजवळच्या बरसान्याची लाठमार होळी (बायका पुरुषांना लाठ्यांनी मारतात ती) बघायची आहे. सुरक्षित आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: स्पष्टच सांगतो: गल्लीतल्या गर्दीत बायकांना नको तिथे हात लागतात. हे झाकण्यात अर्थ नाही. बघायचीच असेल तर गच्चीवरून बघा. तिथली घरं पैसे घेऊन जागा देतात. दुपार व्हायच्या आत वर जा आणि गर्दी ओसरेपर्यंत खाली उतरू नका. बरसान्याची लाठमार फाल्गुन शुद्ध नवमीला, नंदगावची दशमीला. एकादशीला वृंदावनात बांकेबिहारीच्या मंदिरातला रेटा तर गच्चीवाचूनचा, तो टाळाच. केसांना आणि अंगाला खोबरेल चोळा, लेन्स काढून ठेवा. वृंदावनात मात्र चष्माही सांभाळा. माकडं तो डोळ्यांवरून उचलतात आणि फळाच्या रसाचा पुडा मिळाल्याशिवाय सोडत नाहीत. डोळ्यांत गुलाल गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याचे हबके मारा.

रंगच खेळायचा असेल तर एवढ्या लांब कशाला? जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या हौदात धप्पा मारतात. धुळवडीला नाशकात जाऊन "इथे कोणी रंग का खेळत नाही?" असं विचारणारे पर्यटक दरवर्षी भेटतात. रंग पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी असतो.

प्रश्न: जेजुरीला पांढऱ्या सदऱ्यावर भंडारा पडला. साबण लावला तर डाग लालभडक झाला. सदरा गेला का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: गेला नाही. हळद साबणातल्या क्षाराने लाल होते. भरपूर गार पाण्याने साबण निघाला की पुन्हा पिवळी पडते. पुढच्या वेळी आधी कोरडाच झटका, ओल्या हाताने चोळू नका. मग गार पाण्यात खळबळून, साबण लावून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन धुण्यांत डाग उडतो. रंगीत किंवा रेशमी कपडा असेल तर ऊन आणि ब्लीच दोन्ही नको, ड्रायक्लीनिंगला द्या. चार धुण्यांनंतरही डाग तसाच असेल आणि अंगाला खाज सुटली असेल, तर तो भंडारा हळदीचा नव्हता, पिवळी भेसळ होती. पुढच्या खेपेला हळद घरून न्या.